काफुम्ब्याची खुर्ची

मी पान्याला हात घातला की खुर्ची यायची.

त्या दिवशीही ती आली. काफुम्बा गावाच्या हातपंपापाशी मी गुडघ्यावर बसून पहिला नट सैल करत होतो, तेवढ्यात एक बाई डोक्यावर खुर्ची घेऊन पायवाटेने येताना दिसली. लाकडी, जड, दोन्ही बाजूंना हात असलेली. देवळातली, म्हणजे चर्चमधली, पाळकांची खुर्ची, आणि देऊळ तिथून मैलभर दूर. बाईने ती माझ्या पाठीशी सावलीत ठेवली, पदराने पुसावी तशी कमरेच्या कापडाने पुसली, आणि गुडघे टेकून म्हणाली, "अगोगो, बसा."

अगोगो म्हणजे आजोबा. उत्तर मलावीत पांढऱ्या केसाच्या प्रत्येक माणसाला तसेच म्हणतात.

"बसायला आलो नाही," मी म्हणालो. "गोंड्वे, सांग त्यांना. काम झाल्यावर बसेन."

गोंड्वे हा आमच्या मिशन दवाखान्याच्या कार्यशाळेतला फिटर. पन्नाशीचा, शांत, माझे इंग्रजी गावाच्या तुम्बुका भाषेत नेऊन पोचवणारा. त्याने काहीतरी सांगितले. माझ्या एका वाक्यासाठी त्याला चार वाक्ये लागली. बायका हसल्या. खुर्ची मात्र तिथेच राहिली.

पंपांवर गावोगाव जायला लागल्यापासून, महिनाभर, हा प्रकार चालला होता. कुठल्याही गावी जावे, पिशवीतून हत्यारे काढावीत, की खुर्ची हजर. मी वाकलो की कोणीतरी हातातला पाना हळूच काढून घ्यायला बघायचे. मी तो घट्ट धरून ठेवायचो. मला वाटे, ही माणसे पाहुण्याला मखरात बसवण्यात वेळ घालवतात आणि पंप आहे तिथेच राहतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या हातपंप पथकात मी एकतीस वर्षे काढली होती. तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेऊन कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, आणि निवृत्तीच्या दिवशीही माझ्या नखांत ग्रीस होते. साहेब खुर्चीत बसले की पथक झाडाखाली झोपते, हा माझा अनुभव.

निवृत्तीनंतर सहा वर्षे नगरला घरी होतो. मुलगा पुण्याहून यायचा आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "बाबा, आता बसा की. किती कराल?" त्या सुमारास मिशन मंडळाचे परिपत्रक उपासनेत वाचून दाखवण्यात आले: मलावीतल्या एका दवाखान्याच्या परिसरात पंचवीस हातपंप आहेत, निम्मे बंद आहेत, जाणकार विवाहित जोडपे दोन वर्षांसाठी हवे, वयाची अट नाही. मी घरी येऊन अर्ज लिहिला. मी चौसष्ट वर्षांचा होतो, कुमुदिनी साठ. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. मी तिला विचारले, तेव्हा तिने एवढेच म्हटले, "सुईदोरा मिळतो का तिकडे, ते बघा. नाहीतर इथून न्यायला हवा."

तिकडे गेल्यावर तिची भाषा माझ्या दुप्पट वेगाने पुढे गेली. बायकांनी तिला पहिल्याच आठवड्यात बापाचे आडनाव विचारले, कारण तिथे लग्न झालेल्या बाईला बापाच्याच कुळाच्या नावाने ओळखतात. पारखे कळल्यावर ती 'न्यापारखे', म्हणजे पारख्यांची लेक, झाली. लग्नानंतर अडतीस वर्षांनी तिला माहेरचे आडनाव परत मिळाले आणि ती त्यावर फारच खूष होती.

तर त्या दिवशी काफुम्ब्याला मी नट सोडत होतो. पाणी समितीची प्रमुख न्याम्हांगो शेजारी उभी होती; ती आणि तिच्या पाचजणी महिनाभर माझ्यामागे गावोगाव येत होत्या. उंच, काटक, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. गुडघे टेकणाऱ्यांतली ती नव्हती.

"अगोगोंना सांग," ती गोंड्वेला म्हणाली, "आमच्या सहा जणींना काम शिकवायचं ठरलं होतं. आम्ही महिनाभर फक्त त्यांची पाठ बघतोय."

"बघून शिका," मी म्हणालो. "मीही तसाच शिकलो."

पंप उपसणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. विंधन विहिरीत तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकाखाली एक जोडलेले असतात आणि तळाशी सिलिंडर. सगळी माळ वर ओढायची, एक पाइप बाहेर आला की खालची माळ तोंडाशी शिकंज्यात धरायची, वरचा पाइप आटे सोडून काढायचा, आणि पुन्हा ओढायचे. शिकंजा म्हणजे दात असलेले दोन जबडे आणि ते आवळणारा दांडा. ती माळ त्या वेळी केवळ त्या जबड्यांवर लटकलेली असते. म्हणून माझा एक नियम होता: ओढायला कोणीही चालेल, शिकंजा मी आवळणार.

काफुम्ब्याला नऊ पाइप होते. सहा बायका आणि गोंड्वे मिळून ओढत होते. तीन पाइप नीट निघाले. चौथा वर आला, मी दांडा फिरवला, आणि "सोडा" म्हणालो.

त्यांनी सोडले. क्षणभर माळ थांबली. मी वरचा पाइप फिरवून मोकळा केला, बाजूला दिला, आणि पुन्हा वळलो तेव्हा शिकंज्यातून खरवडल्यासारखा आवाज आला. पाइप माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकला, थांबला, आणि मग एकदम गेला. विहिरीच्या पोटातून बराच वेळ आवाज येत राहिला. पाच पाइप आणि सिलिंडर. शेवटी तळाशी चिखलात काहीतरी रुतल्याचा जड, बसका आवाज.

एकशेचाळीस घरांची ती एकच विहीर होती. ऑक्टोबर लागला होता, ओढ्याच्या पात्रातले झरे आटले होते, आणि नदी तिथून सात किलोमीटर.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शिकंजा उचलला, त्याच्या जबड्यांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणालो, "दात झिजलेत."

गोंड्वेने ते भाषांतरित करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग तो मला म्हणाला, "शिकंजा माझ्या ताब्यातला आहे, अगोगो. मी बघायला हवं होतं."

"होय," मी म्हणालो. "बघायला हवं होतं."

परत निघताना मागे वळून पाहिले. दोघीजणी खुर्ची उचलून देवळाकडे नेत होत्या. रिकाम्या बादल्या विहिरीभोवती रांगेत तशाच होत्या.

दवाखान्याच्या आवारात आम्हाला दोन खोल्यांचे घर होते. संध्याकाळी कुमुदने चहा आणला. तिने हल्ली कप अर्धाच भरायला सुरुवात केली होती. साखर कमी, दूध कमी, तसा चहाही कमी, असे मी गृहीत धरले होते. विचारले नव्हते.

"काफुम्ब्याचं कळलं," ती म्हणाली. "न्याम्हांगोची बहीण शिवणाला येते. आता पहाटे तीनला उठून नदीला जावं लागणार म्हणे."

"शिकंजा जुना होता."

"असं गोंड्वे म्हणाला."

"मीच सांगितलं त्याला."

"तेच म्हणते मी. तुम्ही सांगितलं, असं गोंड्वे म्हणाला." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "आता काय करायचं?"

"गळ टाकायचा."

गळ हे आमच्या पथकातले नाव. निमुळता लोखंडी तुकडा, बाहेरून आटे पाडलेला. तो पाइपाच्या टोकाला जोडून विहिरीत सोडायचा, खाली पडलेल्या पाइपाच्या तोंडात बसवायचा, आणि वरून फिरवत राहायचे. आटे धातूत रुतले की गळ धरतो. मग ओढून काढायचे. मी नोकरीत असे अकरा पाइप काढले होते. मात्र दिवस मोजके असतात. तळाशी गाळ बसत जातो, आणि एकदा का त्याने सिलिंडर धरला की ती विहीर गेली. आठ दिवस, फार तर दहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यशाळेत कागदावर गळाची आकृती काढली. रेघा वेड्यावाकड्या येऊ लागल्या तेव्हा मापे तोंडी सांगितली आणि गोंड्वेने लेथवर गळ कातला. त्याचे काम नमुनेदार होते. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी हत्यारांची पेटी भरायला घेतली. गोंड्वे मात्र हात पुसत उभाच राहिला.

"शिकंजा?" मी विचारले.

"नवा मागवलाय. राजधानीहून यायला तीन आठवडे लागतील."

"तीन आठवड्यांत विहीर राहील का? गळ सोडतानाही दर पाइपाला शिकंजा लागतो. जुनाच घे."

"दात झिजलेला शिकंजा मी त्या विहिरीवर नेणार नाही, अगोगो. पुन्हा सुटला तर गळही जाईल. आणि बायका त्याच्या खाली हात घालून उभ्या असतात."

"तो चालेल."

"तुम्ही झिजलेत म्हणालात."

"अरे, एवढे काही झिजलेले नाहीत."

गोंड्वेने माझ्याकडे पाहिले नाही. फळीवरून शिकंजा काढून त्याने टेबलावर ठेवला. जबडे घासून पुसलेले होते, दात करवतीसारखे चमकत होते. शेजारी त्याने एक पाइपाचा तुकडा ठेवला होता. त्यावर शिकंज्याच्या दातांचे ठसे होते, खोल, एकसारखे, एकही चुकलेला नाही. त्याने तपासणी केली होती. बहुधा त्याच संध्याकाळी.

"तुम्ही झिजलेत म्हणालात," तो पुन्हा म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "तर झिजलेत. तसं मी वरिष्ठांना लिहून दिलंय. देखभालीत चूक माझी, असंही."

"लिहून दिलंस?"

"मग नवा कसा मागवणार?"

त्या देशात वडीलधाऱ्याला 'तुमचे चुकले' असे कोणी म्हणत नाही. हे मला ठाऊक होते. गोंड्वे दुरुत्तर करणार नव्हता, तक्रार करणार नव्हता, आणि तो शिकंजाही नेणार नव्हता. माझ्या शब्दाला तो माझ्यापेक्षा जास्त मान देत होता. मी पेटी बंद केली आणि घरी आलो.

कुमुद अंगणात शिवणयंत्राला तेल देत होती. मी पायरीवर बसलो.

"गोंड्वे अडून बसलाय."

"कशावरून?"

मी सांगितले. तिने तेलाची नळी खाली ठेवली, बोट पुसले.

"आणि शिकंजा बरा आहे?"

"उत्तम आहे."

"मग पाइप सुटला कसा?"

कोंबडी यंत्राखाली आली, तिने पायाने हाकलली.

"रोज सकाळी पापांगीकार म्हणता तुम्ही, पापांची कबुली," ती म्हणाली. "मोठ्याने म्हणता. शेजारच्या नर्सबाईंना ऐकू जातो इतका. त्यात नेमकं काय सांगता देवाला?"

"कुमुद."

"विचारलं फक्त. मराठीत असतो म्हणून बरंय, इथं कोणाला कळत नाही."

मी उठून आत गेलो. शर्ट बदलायचा होता. वरचे बटण लागेना. दुसरे लागेना. पाठीमागून ती आली, मला वळवले, आणि खालपासून एकेक बटण लावत वर आली. गेले दोन महिने ती हे करत होती. 'तुमची बटणं मी नव्याने शिवलीत, काजं घट्ट आहेत,' असे तिने पहिल्या दिवशी कारण दिले होते. तिनेच दिले होते, आणि मी ते घेतले होते.

"उद्या मी येते काफुम्ब्याला," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुम्ही सांगाल ते मला ऐकायचंय. गोंड्वे भाषांतरात गाळेल, मी गाळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेत मी पापांगीकार म्हटला नाही. म्हटले, तो दुसरीकडे म्हणायचा आहे.

मग कार्यशाळेत गेलो. "पेटी घे, गळ घे, शिकंजाही घे," मी गोंड्वेला सांगितले. "वापरायचा की नाही, ते तिथे पोचल्यावर तूच ठरव. मी काही म्हणणार नाही." त्याने कुमुदकडे पाहिले आणि सगळे गाडीत चढवले.

काफुम्ब्याला पोचलो तेव्हा न्याम्हांगो आणि तिच्या पाचजणी विहिरीपाशी होत्या. नदीवरून नुकत्याच आलेल्या. मी शिकंजा हातात घेतला आणि सर्वांसमोर उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी अनेक अहवाल लिहिले. बिघाडाचे कारण, केलेली उपाययोजना, जबाबदार व्यक्ती. शेवटचा रकाना मी स्वतःच्या नावाने कधी भरला नव्हता.

"या शिकंज्याचे दात झिजलेले नाहीत," मी म्हणालो. "मी त्या दिवशी खोटं बोललो. गोंड्वेची काही चूक नाही. दांडा पूर्ण आवळायला दोन वेढे लागतात. मी दीडच दिला. माझा उजवा हात आता थरथरतो. वेढा पुरा झाला नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी 'सोडा' म्हणालो."

कुमुदने सांगितले. तिची तुम्बुका अडखळत होती. मी हात पुढे करून धरला. लपवायचे नाही असे ठरवल्यावर तो नेहमीपेक्षा जास्तच हलू लागला.

गोंड्वे जमिनीकडे पाहत होता. न्याम्हांगो बोलली. कुमुद ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा बदलला.

"काय म्हणते?"

"म्हणते, हाताचं आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुम्हाला चहा दिला तेव्हा तुम्ही कप दोन हातांनी धरला होता. तिच्या वडिलांचंही असंच होतं."

"मग बोलल्या का नाहीत?"

कुमुदने विचारले. न्याम्हांगोने देवळाकडे हात केला.

"म्हणते, बोललो की. रोज बोललो. गावात म्हाताऱ्यांना बसायला तिपाई देतात. तुमच्यासाठी मैलभरावरून हातांची खुर्ची आणत होतो. हात टेकले की हलत नाहीत."

महिनाभर ती खुर्ची माझ्या पाठीशी होती, आणि मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते.

"आणखी काय म्हणते?"

"म्हणते, खुर्ची आणायला माणूस गेलंय. आज बसणार असाल तर काम सुरू करू. नसाल तर पाणी आणून दमलोय, घरी जातो."

खुर्ची आली. मी बसलो. दोन्ही तळवे तिच्या हातांवर टेकवले, आणि ते थांबले.

न्याम्हांगोने नियम घातला: "अगोगो उठले की आम्ही बसणार."

गोंड्वेने शिकंजा उचलून पुन्हा एकदा पाहिला आणि मान हलवली. विहिरीच्या तोंडावर तो बसवला आणि दांडा न्याम्हांगोच्या हाती दिला. ती माझ्याकडे वळली.

"दोन वेढे," मी म्हणालो. "पुरे दोन. दुसऱ्याच्या शेवटी तुझं मनगट दुखलं पाहिजे."

"दुखलं."

"मग सोडा."

माळ थांबली. तसूभरही हलली नाही.

गळ टोकाला लावून एकेक पाइप खाली जाऊ लागला. काफुम्ब्याचे काढलेले चार आणि दवाखान्यातले तीन. पडलेल्या पाइपाचे तोंड साधारण वीस मीटरवर असावे, असा माझा हिशेब होता. सातव्या पाइपाला गळ कशाला तरी लागला.

"काय आवाज आला?" मी विचारले.

"तुम्ही ऐकला नाहीत?" गोंड्वे म्हणाला.

"मी ऐकला. ती काय ऐकते ते विचार."

न्याम्हांगोने पाइप दोन्ही हातांनी धरला, किंचित उचलला, टेकवला. पुन्हा उचलला. "बोदा," ती म्हणाली. "मडक्यासारखा."

"तो खडक. विहिरीची भिंत आहे. लोखंड वाजेल ते घंटेसारखं. एक बोट उजवीकडे घे. आता टेकव. नाही. वर घे. अगं, इतकं नाही. गोंड्वे, तिला सांग, ढकलायचं नाही, टेकवायचं..."

मी अर्धवट उठलो होतो. सहाजणींनी हात काढले आणि जमिनीवर बसकण मारली. शिकंजा आवळलेला होता, म्हणून बरे. मी बसलो. त्या उठल्या.

दुपारपर्यंत हे असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी कुमुदने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी उठण्यापूर्वीच तो दाबला. मुलगा म्हणायचा, बाबा, आता बसा. त्यातले बसणे निराळे होते. या बसण्यात मला इतके ऐकावे लागत होते की घाम फुटला होता.

अडीचच्या सुमारास न्याम्हांगो म्हणाली, "थांबा, अगोगो. जरा गप्प बसा."

गोंड्वेने हे भाषांतर केले नाही. कुमुदने केले.

न्याम्हांगोने डोळे मिटले. ती पाइप गोल फिरवत होती, अगदी सावकाश, सिमा घोटताना लाकडी पळी जशी पातेल्याच्या काठाने फिरवतात तशी. सिमा हे त्यांचे मक्याच्या पिठाचे रोजचे अन्न. घट्ट होत आले की डोळ्यांना नाही, मनगटाला कळते. एका जागी तिचे मनगट थांबले. तिने पाइप बोटभर उचलला आणि सोडला.

खालून घंटेसारखा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

मी बोललो नाही. ती फिरवू लागली. एक वेढा, दोन. तिसऱ्याला पाइप जड झाला, ते तिच्या खांद्यावरून दिसले. सहाव्याला तो फिरेना. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले.

"अजून अर्धा," मी म्हणालो. "मग ओढा. झटका नको. गाळाने धरलं असेल तर धरून ठेवायचं, आणि वाट पाहायची."

गाळाने धरले होते. सातजण पंधरा मिनिटे तसेच ताणून उभे राहिले. न्याम्हांगोने एक गाणे सुरू केले, बाकीच्यांनी ते उचलले, आणि कुठल्याशा ओळीवर खालून काहीतरी सुटल्यासारखा आवाज येऊन सगळे एक पाऊल मागे गेले. माझी बोटे खुर्चीच्या हातांत रुतली होती. मी उठलो नव्हतो.

बारा वेळा शिकंजा आवळला गेला त्या दुपारी. प्रत्येक वेळी मी "दोन वेढे" म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी न्याम्हांगो म्हणायची, "ठाऊक आहे." सूर्य कलताना सिलिंडर बाहेर आला, चिखलाने माखलेला, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चामडी वॉशर बदलले, त्यांनीच माळ पुन्हा सोडली. पहिले पाणी गढूळ आले. चाळीस बादल्यांनंतर निवळले.

घरी जाण्यापूर्वी गोंड्वेच्या वरिष्ठांना मी पत्र दिले. मजकूर तीन ओळींचा होता, आणि शेवटचा रकाना भरलेला होता. त्यांनी मला बोलावून विचारले, हात असा असताना पुढचे दीड वर्ष राहणार का? मी म्हणालो, राहणार, फक्त प्रत्येक गावात खुर्ची लागेल. आम्ही मुदत पुरी केली. पंचवीसपैकी बावीस पंप चालू करून आलो. म्हणजे त्या बायकांनी केले. मी बसलो होतो.

याला आता सतरा वर्षे झाली. माझे दोन्ही हात आता थरथरतात, कुमुद बटणे लावते, आणि त्यासाठी काजांचे कारण देत नाही. गेल्या महिन्यात गोंड्वेचे पत्र आले. माझ्याने कागद स्थिर धरवत नाही, म्हणून तिनेच वाचून दाखवले.

गोंड्वे निवृत्त झाला आहे. काफुम्ब्याचा पंप त्यानंतर सहा वेळा काढला, एकदाही पाइप सुटला नाही. न्याम्हांगोचे गुडघे गेले. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी आता काम करतात. काम काढायचे ठरले की आधी देवळातून खुर्ची आणतात आणि तिला तिच्यात बसवतात.

"पुढे काय लिहितो?" मी विचारले.

कुमुदने चष्मा नीट केला. "लिहितो, ती फार चिडते. 'असं नाही, तसं नाही,' म्हणून दिवसभर ओरडते. दोनदा उठून शिकंज्याला हात घालायला गेली, तर पोरी खाली बसल्या. विचारतो, तिची समजूत कशी काढावी? अगोगोंचा काही सल्ला?"

तिने कागद-पेन घेतले. मी दोन्ही तळवे माझ्या खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"लिही," मी म्हणालो. "ओरडायला तिला पूर्ण मोकळीक आहे. उठायला नाही."

कुमुदने लिहिले, आणि खाली आपल्या नावाने एक ओळ वाढवली. ती मला वाचून दाखवली नाही.